तारीख छापलीत, आता पुढचंही छापा

वृत्तसंकेतस्थळं, वृत्तवाहिन्या आणि यूट्यूब वाहिन्या चालवणाऱ्या संपादकांना खुलं पत्र

संपादकहो,

२०२५ च्या फेब्रुवारीत ओळखीतल्या एका चौथीतल्या मुलीने माझ्यासमोर बोटं मोजली. पाचवी, सहावी, सातवी करत ती बारावीवर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे परीक्षेच्या आधीच दगड पडणार. मग अभ्यास कशाला?" तिच्या आजोबांच्या फोनवर तुमच्यापैकी कुणाचा तरी, पृथ्वीवर लघुग्रह आदळणार असं सांगणारा व्हिडिओ आला होता. लाल अक्षरं, मागे धडधडणारं संगीत, शहरावर कोसळणारा आगीचा गोळा आणि खाली तारीख, २२ डिसेंबर २०३२. आठवडाभरात त्या दगडाचा प्रश्न निकालात निघाला. मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "मग बातमीत का नाही आलं?"

का नाही आलं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी स्वतः तेच केलेलं आहे.

२०१९ साली मी एका वेबसाइटच्या डेस्कवर रात्रपाळी करायचो. तेव्हा २००६ क्यूव्ही८९ नावाच्या एका लघुग्रहाची बातमी फिरत होती. हा लघुग्रह २००६ च्या ऑगस्टअखेरीस सापडला, जेमतेम दहा दिवस दिसला आणि हरवला. तेवढ्याशा निरीक्षणांवरून काढलेल्या कक्षेत ९ सप्टेंबर २०१९ रोजी धडकेची शक्यता साधारण ७,००० त १ अशी निघत होती. मी मथळा दिला, 'सप्टेंबरमध्ये पृथ्वीवर आदळणार महाकाय लघुग्रह?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की आपली जबाबदारी संपली, हे आपल्या धंद्यातलं जुनं शहाणपण. महाकाय म्हणजे किती, तर चाळीसेक मीटर. पण बातमी जोरात चालली.

मग जुलै उजाडला. खगोलशास्त्रज्ञांपुढे अडचण अशी, की हा दगड नेमका कुठे आहे तेच माहीत नव्हतं, त्यामुळे दुर्बीण रोखायची कुठे? त्यांनी प्रश्नच उलटा केला. हा दगड खरोखर धडकेच्या वाटेवर असेल, तर आज तो आकाशात कुठे दिसायला हवा? ती जागा नेमकी काढता येत होती. ४ आणि ५ जुलैला चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने आकाशाच्या त्या तुकड्याची खोलवर छायाचित्रं घेतली. तिथे काहीच नव्हतं. धडक होणार असती तर तो तिथे असायलाच हवा होता. तो तिथे नाही, म्हणजे धडक नाही. दगड न सापडताच दगडाचा निकाल लागला. इतकी सुरेख बातमी माझ्या हातात क्वचितच आली असेल. मी ती वाचली, शेजारच्याला 'भारी आहे रे' म्हणालो आणि बाजूला ठेवली. तिच्यात कुणी मरत नव्हतं.

हे सांगतोय ते आपण एकाच पंगतीतले आहोत हे कळावं म्हणून. वरून उपदेश करायला मी बसलेलो नाही.

आता त्या मुलीच्या दगडाकडे येतो. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी लघुग्रह शोधणाऱ्या ॲटलास प्रकल्पाच्या चिलीतल्या दुर्बिणीला सापडला. जानेवारीच्या अखेरीस धडकेची शक्यता १ टक्क्यावर गेली, तेव्हा लघुग्रहांबद्दल इशारा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने रीतसर सूचना काढली. १८ फेब्रुवारीला आकडा ३.१ टक्क्यांवर पोचला. त्या दिवशी तुमच्या पडद्यांवर 'धोका वाढला', 'शास्त्रज्ञांची झोप उडाली' वगैरे झळकलं. पुढच्या आठवड्याभरात हाच आकडा ०.००४ टक्क्यांवर उतरला. मग तुम्ही गप्प बसलात किंवा 'नासाचा यू-टर्न' असा मथळा दिलात. मला अधिक खटकला तो हा दुसरा प्रकार, कारण यू-टर्न कुणी घेतलाच नव्हता. आकडा आधी चढणं आणि मग एकदम कोसळणं हीच अशा मोजणीची नेहमीची चाल असते. ती एकदा समजून घ्या, मग प्रत्येक वेळी दचकायला होणार नाही.

नवा लघुग्रह सापडतो तेव्हा त्याची कक्षा धूसर असते. सात वर्षांनी अमुक दिवशी तो कुठे असेल याचं उत्तर एका बिंदूत मिळत नाही, एका लांबलचक पट्टीत मिळतं. या पट्टीत तो कुठेतरी असेल, एवढंच म्हणता येतं. हिशेबाला सोपं जावं म्हणून समजा, पट्टी १२ लाख किलोमीटर लांब आहे आणि पृथ्वी त्या पट्टीत सापडते. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटर. म्हणजे शक्यता झाली १ टक्क्याच्या आसपास. आणखी निरीक्षणं आली, धूसरपणा कमी झाला, पट्टी ४ लाखांवर आखडली. पृथ्वी अजून आतच आहे. पृथ्वीचा आकार तोच, पट्टी मात्र तिसऱ्या हिश्श्यावर आली, म्हणून शक्यता ३ टक्क्यांच्या वर गेली. दगडाने वाट बदललेली नाही, तो तसूभरही जवळ सरकलेला नाही. वाढलंय ते आपलं ज्ञान. पट्टी आणखी आखडली की बहुतेक वेळा तिचं टोक पृथ्वीवरून सरकून जातं आणि आकडा धाडकन खाली येतो. क्वचित कधी पृथ्वी आतच राहील आणि आकडा चढतच जाईल. तेव्हा मात्र खरोखर धावपळ करायची वेळ असेल. पण ३ टक्क्यांवर 'धोका वाढला' म्हणायचं आणि ०.००४ वर 'शास्त्रज्ञांनी शब्द फिरवला' म्हणायचं, हा त्या रात्रभर जागून मोजमाप करणाऱ्यांवर अन्याय आहे.

शास्त्रज्ञांचेही हात या बाबतीत एकदा पोळलेत. १९९८ च्या मार्चमध्ये १९९७ एक्सएफ११ हा लघुग्रह २०२८ साली पृथ्वीच्या फार जवळून जाईल, धडकेची शक्यताही पूर्ण नाकारता येत नाही, असं जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी जुन्या छायाचित्रांत तो सापडला आणि प्रकरण मिटलं. त्यातून ते धडा शिकले. एकाने काढलेलं गणित दुसऱ्याने तपासायचं आणि धोका सांगायला एक ठरावीक मापपट्टी वापरायची, असं ठरत गेलं. १९९९ साली आलेली टोरिनो श्रेणी हीच ती मापपट्टी, ० ते १०. ० म्हणजे धोका नाही, १० म्हणजे जगभर विध्वंस करणारी खात्रीची धडक. वायआर४ तिच्यात सर्वांत वर गेला तेव्हा ३ वर होता आणि आता ० वर आहे. तुमच्या बातमीत ही श्रेणी मला एकदाही दिसली नाही. वादळाची बातमी देताना वाऱ्याचा वेग गाळाल का?

आता 'विमानाएवढा' या शब्दाबद्दल. दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसतं, 'विमानाएवढा लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने, नासाचा इशारा'. हा इशारा कुठून येतो ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, वाचकाला नाही. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचं एक पान आहे. पृथ्वीपासून ७५ लाख किलोमीटरच्या आतून जाणारे पुढचे पाच लघुग्रह त्यावर आपोआप झळकतात आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी बस, घर, विमान अशी छोटी चित्रं असतात. पाच गेले की पुढचे पाच येतात. रेल्वे स्थानकावरच्या गाड्यांच्या फलकासारखं ते वेळापत्रक आहे. त्यातली एक ओळ उचलायची आणि तिला इशारा म्हणायचं, हे मीही केलंय. पाच मिनिटांत बातमी तयार होते. ७५ लाख किलोमीटर म्हणजे चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ वीसपट, ही ओळ अर्थातच कापायची असते.

वेगाचंही तसंच. 'ताशी ६० हजार किलोमीटर वेगाने येतोय' वाचून माणसाच्या पोटात गोळा येतो. हे वाचणारा माणूस पृथ्वीबरोबर सूर्याभोवती ताशी सुमारे १ लाख ७ हजार किलोमीटर वेगाने फिरतोय. अंतराळात सगळंच वेगात असतं. दगडाचा धोका ठरतो तो किती मोठा आहे आणि त्याची वाट आपल्या वाटेला छेदते का यावर.

शब्दांवरून आठवलं, हिंदी बातमीतून उचललेला 'उल्कापिंड' सगळीकडे चिकटवणं थांबवता आलं तर बघा. मराठीत यासाठी तीन चांगले शब्द आहेत. अंतराळात फिरतो तो लघुग्रह, वातावरणात पेट घेऊन रेघ ओढते ती उल्का, जमिनीवर येऊन पडतो तो अशनी. तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी कळतात.

धोका नाहीच, असं मी म्हणतोय असा समज करून घेऊ नका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ आदळलेल्या दहाएक किलोमीटरच्या दगडाने डायनोसॉर संपवले, हे खरं. लोणारचं जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवरही आघातानेच झालं, तेही खरं. पण धोका आकारानुसार पार बदलतो आणि तुम्ही दहा किलोमीटरची भीती चाळीस मीटरच्या दगडाला चिकटवता. एक किलोमीटरहून मोठे जे लघुग्रह पृथ्वीच्या परिसरात फिरतात, त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त सापडलेत, त्यांच्या कक्षा काढून झाल्यात, आणि पुढच्या शंभर वर्षांत त्यांपैकी कुणाचीही धडक दिसत नाही. संस्कृतीचा अंत वगैरे करू शकणारे हेच. खरी उणीव आहे ती मधल्या आकाराची. १४० मीटर आणि त्याहून मोठ्या अशा लघुग्रहांची संख्या पंचवीस हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे आणि त्यांतले निम्मेसुद्धा अजून सापडलेले नाहीत. अमेरिकी काँग्रेसने २००५ साली त्यांतले ९० टक्के शोधायचं काम नासाला सोपवलं, मुदत दिली पंधरा वर्षांची. मुदत केव्हाच टळली. खळबळच हवी असेल तर ही घ्या, आणि तारीख न देताही ती खरी आहे.

त्याहून लहान, वीसेक मीटरचे, तर लाखोंनी आहेत आणि बहुतेक न पाहिलेले आहेत. १५ फेब्रुवारी २०१३ ची सकाळ आठवा. त्या दिवशी सगळ्या जगाच्या दुर्बिणी २०१२ डीए१४ या लघुग्रहाची वाट पाहत होत्या. तो पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार हे आधीपासून ठाऊक होतं, आणि तो ठरल्याप्रमाणे गेला. पण त्याच्या काही तास आधी, त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेला एक दगड रशियातल्या चेल्याबिन्स्कवर आला. वीसेक मीटरचा. तो सूर्याच्या बाजूने आल्यामुळे एकाही दुर्बिणीला दिसला नाही. जमिनीपासून तीसेक किलोमीटर उंचीवर तो फुटला. सूर्याहून लख्ख उजेड पडला. लोकांनी तेच केलं जे तुम्ही-मी केलं असतं. काय झालं म्हणून खिडकीशी गेले. थोडा वेळ काहीच झालं नाही. आवाज प्रकाशाच्या मागून, आपल्या चालीने येत होता. दीड-दोन मिनिटांनी धक्क्याची लाट पोचली आणि हजारो इमारतींच्या काचा बघ्यांच्या तोंडावर फुटल्या. सुमारे दीड हजार जखमी झाले, बहुतेक काचांनी. दगड अंगावर पडून कुणीही मेलं नाही.

तिथल्या एका शाळेत चौथीच्या वर्गावरच्या शिक्षिकेने उजेड पाहिला. तो कशाचा, हे तिलाही कळलं नव्हतं. तिने ४४ मुलांना बाकांखाली जायला सांगितलं. मुलांना खरचटलंही नाही. ती स्वतः उभी होती, तिच्या हाताला काचेने खोल जखम झाली.

या सगळ्यातून कामाची म्हणावी अशी एकच गोष्ट निघते. आकाशात डोळे दिपवणारा उजेड पडला तर खिडकीपासून लांब व्हा, काचेकडे पाठ करा आणि निदान दोन-तीन मिनिटं तसेच थांबा. लघुग्रहांवरच्या तुमच्या शेकडो बातम्यांत हे वाक्य मला सापडलं नाही. माझ्या बातम्यांतही नव्हतं. तारखा मात्र ढीगभर होत्या.

ज्या अफवांना दगडाचाही आधार नसतो, त्यांच्यावर फार शाई खर्चत नाही. २०१२ साली पृथ्वीवर आदळणार म्हणून गाजवलेला निबिरू नावाचा काल्पनिक ग्रह आला नाही. २०१५ च्या सप्टेंबरात पोर्टो रिकोजवळ दगड पडणार म्हणून इतका गवगवा झाला की नासाला ऑगस्टमध्येच खुलासा काढावा लागला. तो सप्टेंबरही बिनबोभाट गेला. १९१० साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीत विषारी सायनोजेन सापडलं म्हणताच धूमकेतूवरच्या गोळ्या विकणारे उभे राहिले, आणि पृथ्वी त्या शेपटीच्या आसपासून जाऊनही कुणाला साधी शिंक आली नाही. २०२५ मध्ये ३आय/ॲटलास या दुसऱ्या सूर्यमालेतून आलेल्या धूमकेतूला तुमच्यापैकी काहींनी परग्रहवासीयांचं यान ठरवलं. डिसेंबरात तो आपल्या सर्वांत जवळ आला तेव्हा सुमारे २७ कोटी किलोमीटरवर होता, म्हणजे सूर्याहूनही लांब.

'नासा लपवतंय' या लाडक्या वाक्याबद्दल मात्र बोलायला हवं. समजा लपवायचं ठरवलं, तर कसं लपवणार? नव्या लघुग्रहाची निरीक्षणं अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात आणि तिथून जगजाहीर होतात. त्यांवरून धोक्याचं गणित नासा करते, युरोपीय अंतराळ संस्था करते आणि इटलीतल्या पिसाची मंडळी करतात, तिघंही आपापलं. निरीक्षणं पाठवणाऱ्यांत घराच्या गच्चीवर दुर्बीण लावणारे हौशीही असतात. आकाशाला कुलूप लावता येत नाही. वायआर४ चा १ टक्का याच लोकांनी आपणहून जाहीर केला, आणि तुम्ही त्याचाच मथळा करून वर म्हणता की ते लपवतात.

मथळ्याला लागणारी उत्कंठा खऱ्या गोष्टीतही आहे. ७ ऑक्टोबर २००८ रोजी चारेक मीटरचा एक दगड सुदानच्या वाळवंटावर फुटला. आदळण्याआधीच सापडलेला तो इतिहासातला पहिला. वीसएक तास आधी दिसला, कुठे पडणार ते सांगितलं गेलं आणि तो तिथेच पडला. नंतर वाळूत चालत चालत त्याचे तुकडे गोळा केले गेले. असे आधी सापडलेले दगड आता डझनाच्या आसपास झालेत. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या १६० मीटरच्या डायमॉर्फस या लघुचंद्रावर सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने मुद्दाम आदळवलं गेलं. त्याच्या प्रदक्षिणेच्या वेळेत ७३ सेकंदांचा फरक पडला असता तरी मोहीम यशस्वी धरली जाणार होती. प्रत्यक्षात ११ तास ५५ मिनिटांची त्याची प्रदक्षिणा ३२ मिनिटांनी कमी झाली. एका खगोलीय वस्तूची वाट माणसाने पहिल्यांदाच ठरवून बदलली. तुमच्याकडे ही बातमी एक दिवस होती. निबिरू तीन वर्षं चालला.

मागणी मोठी नाही. तारीख छापलीत की ती फायलीत लावून ठेवा, आणि निकाल लागला की त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत तो छापा. निदान जुन्या बातमीच्या डोक्यावर एक ओळ टाका. 'पृथ्वीच्या दिशेने' आणि 'पृथ्वीजवळून' यांतला फरक उपसंपादकांना शिकवा. अंतर चंद्राच्या पटीत द्या, सगळ्यांना कळतं. टोरिनोचा आकडा द्या; शून्य असेल तर शून्य द्या, आणि शून्य असताना बातमी का करतोय असा प्रश्न पडला, तर त्याचं उत्तर तुमचं तुम्हीच शोधा.

घाई अशासाठी, की १३ एप्रिल २०२९ जवळ येतोय. त्या दिवशी अपोफिस हा तीनशे-साडेतीनशे मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. आपले दूरसंचार उपग्रह याहून लांब असतात. २००४ च्या डिसेंबरात याच तारखेला धडकेची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती, टोरिनो श्रेणीत तो ४ वर पोचला होता. तिथवर दुसरा कुणीच गेलेला नाही. काही दिवसांतच ती शक्यता मावळली, आणि २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर निदान शंभर वर्षं याच्यापासून धोका नाही हेही पक्कं झालं. पण मला तुमचे मथळे आत्ताच दिसतायत. वार शुक्रवार आहे, तारीख तेरा आहे, आणि नाव आहे इजिप्तच्या विध्वंसक सर्पदेवतेचं. मोह आवरणं अवघड आहे, मला कळतं.

युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियात आकाश निरभ्र असेल तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. एखाद्या मध्यम ताऱ्यासारखा, पण डोळ्यांदेखत सरकणारा. एवढा मोठा दगड इतक्या जवळून जाताना आधीपासून माहीत असून पाहायला मिळणं आजवर माणसाच्या वाट्याला आलेलं नाही. त्या रात्री कुठे, किती वाजता, कोणत्या दिशेला बघायचं हे आधीच्या आठवड्यात छापा. आणि त्या दिवशी रात्रपाळीला डेस्कवर जो कुणी असेल, त्याला दहा मिनिटं गच्चीवर जायची सुट्टी द्या.

तुमचा,
एक जुना उपसंपादक